ठकुबाईची करंदी

आल्हाद सोफ्यावर बसला आणि सोफा ओरडला.

सोफे ओरडत नाहीत. फार तर कुरकुरतात, आणि आल्हादच्या खाली आलेल्या बऱ्याच बैठकी कुरकुरायच्या, त्याची त्याला सवय होती. पण हे कुरकुरणं नव्हतं. सायकलच्या घंटीला चुकून कोपर लागावं एवढासा, पण जिवंत आवाज होता. तो ताडकन उठला. हातातला डबा निसटला, भेंडीची भाजी फरशीभर झाली, आणि सोफ्यावरच्या साड्या-शालींच्या ढिगात काहीतरी वळवळलं.

करंदी होती ती. ठकुबाईची कुत्री. मुठीएवढी. आणि मूठही आल्हादची नव्हे, ठकुबाईची.

ठकुबाई मागच्या दारातून ताकाचा तांब्या घेऊन येत होती. तिने तांब्या खाली ठेवला. आरडाओरडा नाही, कपाळावर हात नाही. वरची साडी अलगद बाजूला केली, दोन्ही तळवे खाली सरकवले आणि कोंबडीखालचं अंडं काढावं तसं पिल्लू उचललं. पुढचा उजवा पाय मोडलेल्या उदबत्तीसारखा लोंबत होता.

"आजी, खरंच सांगतो, मला दिसलीच नाही हो."

"दिसंल कशी? न दिसनारी बगूनच तं आनलीस."

मग तिने त्याच्याकडे पाठ केली. "रघूला हाक मार. रिक्षा काढाला सांग."

आल्हाद भेंडीवरून घसरत बाहेर धावला.

रघू शेजारचाच. त्याची रिक्षा गल्लीतून बाहेर निघायला वेळ लागतो, कारण समोर कायम एखादा ट्रेलर आडवा असतो. तेवढ्यात ठकुबाई कोण हे सांगून टाकलेलं बरं.

ठकुबाई ही अंजूरची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, बँड असतो, अलीकडे घराच्या भिंती हलवणारा डीजेही असतो. पण मांडवात धवलारीण बसून धवले गायली नाही, तर लग्न लागलं असं जुन्या माणसांना वाटतच नाही. कुठल्या विधीला काय म्हणायचं, कुणाला कुठे बसवायचं, हळद आधी कुणी लावायची, हे सगळं ठकुबाईच्या तोंडी. सासूकडून ऐकून ऐकून शिकली. अक्षरओळख म्हणाल तर टेम्पोच्या पाटीवर 'अंजूर' कुठलं आणि 'काल्हेर' कुठलं एवढी. आवाज असा, की कुणी माइक पुढे केला तर माशी वारावी तसा तो हाताने बाजूला सारायची. एकदा तर डीजेवाल्यानेच आपला आवाज कमी केला. भीतीने नाही, त्याला पुढची ओळ ऐकायची होती.

लग्नाचा मोसम नसला की ती भात लावायची, भेंडी तोडायची, खाडीतले खेकडे पकडायची आणि डोक्यावर पाटी घेऊन भिवंडीच्या बाजारात बसायची. मग शेतांची गोडाउनं झाली. भाताच्या खाचरात आधी भराव आला, भरावावर पत्रे आले, पत्र्यांखाली आख्ख्या देशाचे बूट आणि मिक्सर आले. ठकुबाईच्या मुलाने, अनंताने, जुन्या घराच्या जागी स्टीलच्या कठड्याचा, चकचकीत फरशीचा बंगला बांधला आणि पोरांच्या शाळेसाठी स्वतः कल्याणला राहायला गेला. उरली ठकुबाई. वरच्या मजल्यावरच्या फॅन्सी स्वयंपाकघराला तिने एकदाच हळद-कुंकू वाहिलं होतं. स्वयंपाक मात्र मागच्या पडवीत, चुलीवर.

हॉलमध्ये सिंहासनासारखा लाल मखमली सोफा होता. त्याच्यावर ती स्वतः कधी बसली नाही. "कंबर खाली खाली जातं, मना उठाला दोन मानसा लागतीन," म्हणायची. सोफा राहिला मानपानासाठी. म्हणजे मानपानाच्या सामानासाठी. प्रत्येक लग्नात धवलारणीला साडी, शाल. ठकुबाई तर काष्ट्याचं लुगडं नेसणारी. ती साड्या वाटत सुटायची, पण येणाऱ्या साड्या जाणाऱ्या साड्यांपेक्षा चपळ. ढीग वाढतच गेला. बाहेरच्या माणसाला बसायचं असलं, तर त्याने ढिगाच्या एका टोकाला स्वतःपुरती दरी करून घ्यायची.

आल्हादची दरी ठरलेली होती. तो रोज दुपारी तिथेच जेवायचा.

आल्हाद भिवंडी गावातला, बाजारपेठेमागच्या जुन्या आळीतला. आजोबा कोर्टात कारकून, वडील शाळेच्या ऑफिसात कारकून, आणि हा ठकुबाईच्या जमिनीवरच्या गोडाउनमध्ये सुपरवायझर. त्याच्या मते ही पिढीजात प्रगती होती. ठकुबाई त्याला 'कारकुना' अशीच हाक मारायची. त्याचं गोडाउन परत आलेल्या मालाचं. लोक मोबाइलवरून वस्तू मागवतात, आवडली नाही की परत धाडतात. ती वस्तू आल्हादने खोका उघडून तपासायची, मापायची, तोलायची आणि वर चिठ्ठी चिकटवायची: चांगला माल किंवा डॅमेज. कित्येक वर्षं हेच केल्यामुळे आल्हादला सगळं जग लांबी, रुंदी आणि उंचीत दिसायचं. मापाची टेप खिशात असायची, घड्याळ घरी राहिलं तरी. मुलगी झाली तेव्हा त्याने नर्सला आधी वजन विचारलं, मग तब्येत.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तो गोडाउनच्या भिंतीच्या सावलीत उभ्या उभ्या डबा खात होता. पलीकडून आवाज आला, "ए कारकुना, उभा राहून काय चरतंस? बैल हाईस काय? आत ये." तेव्हापासून तो आत. डबा त्याचा, ताक, वालाचं बिरडं आणि शिव्या तिच्या. अनंता कल्याणहून महिन्यातून एकदा यायचा, आल्हाद रोज. ठकुबाई लोकांना सांगायची, "एक पोरगा पोटचा, आन् एक गोडाउनचा." हे आल्हादने बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की शेवटी ती म्हणाली, "मग वाढदिवसाचा केकही तिथेच काप."

तर अशा घरातला कुत्रा म्हणजे खंड्या. गावठी, वाघराएवढा, भाताची राखण करत मोठा झालेला. शेतं गेली तरी खंड्याची ड्युटी चालूच. एकदा ट्रकखालच्या मांजरीमागे त्याने अशी झेप घेतली, की साखळीसकट ठकुबाईही निघाली. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पुढे खंड्या म्हातारपणाने गेला, आणि ठकुबाई दारात बसून त्याच्या रिकाम्या साखळीकडे न बघण्याचा प्रयत्न करू लागली.

"कारकुना, कुत्रा पायजे," एका दुपारी ती म्हणाली. "येवऱ्या मोठ्या घरान दुसरा कोन तरी हलता-बोलता पायजे."

अनंताचा फोनही आला. "दादा, तुम्हीच बघा. पण आईला ओढणारं नको. एकदम छोटं बघा."

झालं. आल्हादच्या हातात माप आलं. ओढणारं नको म्हणजे हलकं हवं. हलकं म्हणजे लहान. तर मग सगळ्यांत लहान ते सगळ्यांत उत्तम. हिशेब चोख होता. त्याच्याच गोडाउनमध्ये फुटून येणारा माल नेहमी लहान आणि हलका असतो, अत्तराच्या बाटल्या, दिव्याच्या काचा, कानातले डूल, हे त्याला त्या वेळी आठवलं नाही.

कुत्री विकणारा माणूस भिवंडीतच, लूमच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होता. खाली मागांची खटखट खटखट चाललेली, त्यामुळे वर प्रत्येक वाक्य ओरडून. पिंजऱ्यात एका आईची तीन पिल्लं. एकाने आल्हादच्या बुटाची नाडी धरली आणि सोडेना. दुसरं पाण्याच्या वाटीत उभं राहून पाणी पीत होतं. तिसरं कोपऱ्यात, एवढंसं, थरथरत.

"ये देखो साहब, टीकप पीस!" माणूस ओरडला. "चाय के कप में बैठेगा. बड़ा होके भी इतनाच!"

आल्हादने टेप काढली. पिल्लू टेपेलाही घाबरलं. लांबी, उंची, सगळं नाडीवाल्याच्या निम्मं. त्याला आनंद झाला.

"पण हा थरथरतो का?"

"नाजुक है ना! हाय क्लास!"

मे महिना होता. भिवंडीत मे महिन्यात पंखेसुद्धा घाम पुसतात. तरीही आल्हादला ते पटलं. पिल्लाच्या डोक्यावर बोट फिरवलं, तर टाळू पिकल्या चिकूसारखी मऊ लागली. लहान बाळाची असतेच की, तो मनात म्हणाला. समोर ठेवलेल्या खाण्याकडे ते बघतही नव्हतं. मिताहारी दिसतंय, आल्हादला वाटलं.

"याची आई कुठाय? बघायला मिळेल?"

"माँ गाँव गई है," माणूस म्हणाला.

आणि आल्हादने मान हलवली! भिवंडीत उन्हाळ्यात निम्म्या लोकांच्या आया गावाला गेलेल्या असतात, त्यात याला काही वावगं वाटलं नाही. कुत्री तिकीट काढून कुठल्या गाडीने गेली असेल, हा प्रश्न त्याला घरी जाऊन, आंघोळ करताना पडला. तोवर उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बुटाचा एक खोका ठकुबाईपुढे ठेवून झाकण काढलं. ठकुबाई वाकली. आत बघितलं. मग खोक्याच्या मागे बघितलं.

"बाकीचा कुठाय?"

"एवढंच आहे, आजी. मोठं झाल्यावरही एवढंच राहणार."

"यो कुत्रा हाय?" तिने बोट पुढे केलं, पिल्लाने ते चाटलं, आणि खाडीकाठच्या बाईला जे सुचायचं तेच सुचलं. "ही तं करंदी." करंदी म्हणजे खाडीतली बारकी कोळंबी, जी मूठभर घेतली तरी कालवणात शोधावी लागते. नाव पडलं. त्या दिवसापासून करंदी लुगड्याच्या ओच्यात, ठकुबाईच्या पोटाशी राहू लागली.

गावाला करमणूक झाली. नाक्यावर चिंधू नावाचा पानवाला ओरडला, "ठकुबाय, कुत्रा हाय का उंदीर?"

"तुज्या पानाच्या टपरीवर बसला तं तुज्यापक्षा जास्त अक्कल हाय त्याला," ठकुबाई म्हणाली आणि ओच्यावर हात ठेवून पुढे गेली.

सगळं छान चाललंय असं आल्हादला वाटलं. तो गोडाउनमध्ये छाती काढून फिरायचा. आणि मग एका सकाळी, ठकुबाई गावातल्याच एका हळदीला गेली असताना, तो करंदीला बघायला घरात शिरला, तर ती फरशीवर ओल्या हातरुमालासारखी पडलेली. डोळे उघडे, पण ओळख नाही.

त्याने तिला शर्टाच्या खिशात घातलं आणि भिवंडीला डॉक्टर ईराकडे धाव घेतली. ईरा ही तरुण, चष्मेवाली, कमी बोलणारी. तिने आधी साखरेचं पाणी करंदीच्या हिरड्यांना चोळलं. मग सुई. थोड्या वेळाने करंदीने जांभई दिली. मग ईरा बोलली, आणि तिचं कमी बोलणं त्या दिवशी सुट्टीवर होतं.

"टीकप नावाची जात नसते. लहान जातीतलं सगळ्यांत अशक्त पिल्लू, कधी वेळेआधी आईपासून तोडलेलं, त्याला हे नाव देऊन विकतात. याचं पोट केवढं, बघा. थोडा वेळ उपाशी राहिलं, की रक्तातली साखर उतरते आणि हे असं होतं. टाळू भरलेली नाही, डोक्याला साधी टपली नको. हाडं काडीएवढी. सोफ्यावर, पलंगावर ठेवायचंच नाही. तिथून उडी मारली तरी पाय जाईल. कपड्यांच्या ढिगात, पांघरुणात झोपू द्यायचं नाही, कुणी बसेल वर. जमिनीवर स्वतःची टोपली द्या. गळ्यात पट्टा नको, श्वासनळी नाजूक असते, छातीला बांधायचा पट्टा घ्या. म्हाताऱ्या माणसासाठी घेतलं ना? मग पूर्ण वाढल्यावर तीन-चार किलो भरणारं, खेळणारं, खाणारं पिल्लू घ्यायचं होतं. तेही कुणाला ओढून पाडत नाही. याची आई बघितली होती का?"

"ती... गावाला गेली होती," आल्हाद म्हणाला.

ईराने चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. ते बघणं आल्हादला पुढे बरेच दिवस पुरलं.

"हे सगळं आजींना नीट समजावून सांगा," ती म्हणाली.

"सांगतो."

परतीच्या वाटेवर त्याने मनात वाक्यं जुळवली. पण जे वाक्य घ्यावं, त्याचा शेवट एकाच जागी यायचा: आजी, मी चुकीचं पिल्लू निवडलं. 'गोडाउनच्या पोरा'ला ते काही म्हणवेना. ठकुबाई दारातच उभी होती. तो म्हणाला, "काही नाही आजी, उष्णता. थोडं थोडं, सारखं भरवत राहायचं, म्हणजे झालं."

म्हणजे त्याने अर्धं सांगितलं. ज्या अर्ध्यात त्याचा दोष नव्हता तेवढं.

ठकुबाईने ते अर्धं डोक्यावर घेतलं. मऊ भात, बोटावर दही, माशाचा काटा काढलेला गर, दिवसरात्र थोडं थोडं. करंदीने अंग धरलं, टुणटुणू लागली, आणि एके दिवशी सगळ्या घरात मऊ, उबदार, खंड्याचाही वास उरलेला असा जो ढीग होता, तो तिला सापडला. ठकुबाईला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ज्याला सांगितलं होतं, तो दुपारी डबा घेऊन आला आणि बसला.

रघूची रिक्षा एकदाची आली. ठकुबाई मागे, मांडीवर करंदी, शेजारी आल्हाद, जमेल तेवढा आकसून. आल्हादच्या आकसण्याने रिक्षेला फारसा फरक पडत नाही. खड्डा आला, की तिघांच्या तोंडून एकदम आवाज यायचा, त्यातला एक करंदीचा.

रघू आरशातून म्हणाला, "आये, वडपे गावची मानसा परत आल्ती गो. मना विचारत व्हती, ठकुबायला झाला काय? लगनाला न्हाय बोलली मन्तात. आवऱ्या वर्सान पयल्यांदा."

"मंग काय करू?" ठकुबाई म्हणाली. "रातभर मांडवान बसू, तं हिला कोन भरवील? आन् त्या डीजेच्या आवाजान नेऊ काय हिला?"

"किती लगना सोरलीस?"

"तुना काय करायचाय? समोर बग."

आल्हाद समोर बघू लागला. त्याला हे माहीतच नव्हतं. रोज जेवायला येत होता, रोज ताक पीत होता, आणि भर लग्नसराईत धवलारीण दुपारी घरी कशी सापडते, हे त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. बाई घरात एकटी नको म्हणून कुत्रं आणलं, आणि त्या कुत्र्यापायी ती घरातच अडकून बसली. भिवंडीपर्यंतचा रस्ता त्याने आपल्या गुडघ्यांकडे बघत काढला. गुडघेही फार मोठे होते. सगळंच फार मोठं होतं.

ईराने पाय तपासला. दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढला. मग सहज म्हणाली, "मी त्या दिवशी यांना सांगितलंच होतं ना आजी, सोफा नको, ढीग नको?"

ठकुबाईने आल्हादकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिने बघितलंच नाही. खुर्ची पुढे ओढली, पदर खोचला आणि डॉक्टरला म्हणाली, "यांना सांगितला व्हता. आता मना सांग, बाय. पयल्यापासना."

ईराने पुन्हा सगळं सांगितलं. ठकुबाईने सासूकडून धवले जसे घेतले तसे ते घेतले: एकेक ओळ, डोळे मिटून, मागोमाग पुटपुटत. टाळू. साखर. टोपली खाली. पट्टा छातीला. आल्हाद दाराजवळ उभा होता. त्याला बसायचा धीर झाला नाही. क्लिनिकची खुर्ची रिकामी होती तरी त्याने आधी तिच्यावर हात फिरवून बघितला, आणि मग उभाच राहिला.

"मंग हिची जात वंगाल काय?" ठकुबाईने विचारलं.

"जात चांगली आहे, आजी. हिची भावंडं धडधाकट असतील. ही मागे पडलेली. मागे पडलेल्याला जपायचं सोडून त्याचंच कौतुक करून विकलं, एवढंच."

"जगंल?"

"पाय बांधून ठेवते. जुळेल असं वाटतं; नाही जुळला तर ऑपरेशन. थोडी लंगडेल. जगेल, पण जपावं लागेल. कायमचं."

"जपू," ठकुबाई म्हणाली.

परत येताना रघूने एकेक खड्डा चुकवत रिक्षा आणली.

दुसऱ्या दिवसापासून आल्हाद पुन्हा गोडाउनच्या भिंतीमागे उभ्या उभ्या जेवू लागला. पलीकडून हाक आली नाही. गोडाउनमध्ये बातमी पसरलीच होती. हमाल खुर्ची पुढे करून म्हणायचे, "साब, बैठने के पहले नीचे देख लेना." आल्हाद खरंच खाली बघायचा. परत आलेला माल तपासताना 'डॅमेज'ची चिठ्ठी हातात धरून तो घुटमळायचा. घरी बायको म्हणाली, "जाऊन माफी मागून ये की." तो म्हणाला, "माफी मागतो, पण रिकाम्या हाताने कसा जाऊ?" ज्याने आयुष्य खोक्यांत काढलं, त्याला रिकाम्या हाताचं भय फार.

म्हणून तो पुन्हा लूमच्या गल्लीत गेला. या वेळी भांडायला. पण कुत्रीवाला भांडलाच नाही. "टेन्शन नहीं, साहब," तो ओरडला. "बदल के ले जाओ! वो वाला वापस दे दो, ये वाला ले लो." नाडी धरणारं पिल्लू अजून होतं. वाढलं होतं, गुबगुबीत झालं होतं, आणि आल्हादला बघताच त्याने दुसऱ्या बुटाची नाडी धरली. आल्हादने त्याच्या टाळूवर बोट ठेवलं: टणक. खाणं ठेवलं: साफ. आईही त्या दिवशी गावाहून आलेली दिसली, मागच्या पिंजऱ्यात. सगळं बघितलं, जसं पहिल्यांदा बघायला हवं होतं. त्याला हायसं वाटलं. चूक झाली, पण बदलून देता येतेय. त्याच्या कामात हेच तर होतं.

रविवारी तो हातात रिकामा बुटाचा खोका घेऊन ठकुबाईच्या दारात उभा राहिला. खोक्याला हवेसाठी भोकं पाडलेली, आत मऊ फडकं.

सोफा मोकळा दिसला. ढीग कुठे गेला कोण जाणे. ठकुबाईने बहुतेक आळीतल्या सगळ्या बायकांना वाटला असावा. ती जमिनीवर बसली होती, पुढ्यात बाजाराची जुनी पाटी, पाटीत गोधडीचा तुकडा, आणि त्यावर पायाला पांढरं बांधलेली करंदी झोपलेली. पाटी जशी डोक्यावर असताना तिच्या हाताखाली असायची, तशीच आताही एक हात काठावर.

"ये," ती म्हणाली. ताकाचं काही बोलली नाही.

आल्हाद दाराशीच टेकला आणि घाईघाईने सगळं मांडू लागला. पिल्लू कसं धडधाकट आहे, टाळू भरलेली, खाणं चोख, आई स्वतः बघितली, मोठं झालं तरी तीन-चार किलो, ओढणार नाही, पडणार नाही, दर थोड्या वेळाने भरवायची कटकट नाही, म्हणजे तुम्ही पुन्हा लग्नाला जाऊ शकाल. "आणि तो करंदीला परत घ्यायला तयार आहे, आजी. मी आत्ताच नेतो. संध्याकाळपर्यंत नवं पिल्लू तुमच्या दारात."

ठकुबाईने सगळं ऐकून घेतलं. "आन् हिचा तो काय करील?"

"तो... तो बघेल की. काहीतरी..."

'डॅमेज'ची चिठ्ठी लागलेल्या मालाचं पुढे काय होतं, हे भिवंडीत आल्हादइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो खोक्याच्या भोकांकडे बघत राहिला. ती त्याने स्वतः, खिळ्याने, एका ओळीत पाडली होती. त्याचे कान तापले, मग मान, मग सगळाच तापला. त्याने खोका पायाखाली दाबून चपटा केला आणि मागे सरकवला. करंदी त्या आवाजाने जागी झाली आणि थरथरली.

"आजी," तो म्हणाला, आणि या वेळी उष्णता नाही, गावाला गेलेली आई नाही, काहीच मध्ये घातलं नाही. "डॉक्टरनं मला सगळं सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. मला वाटलं तुम्ही म्हणाल, कारकुनाला साधं कुत्रं निवडता येत नाही. तिचा पाय मी बसलो म्हणून मोडला नाही, मी बोललो नाही म्हणून मोडला."

ठकुबाई दह्याच्या वाटीत बोट बुडवत होती. बोट करंदीच्या तोंडाशी नेलं. करंदीने चाटलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा नेलं. आल्हाद बघत राहिला. मांडवात शेकडो माणसांना ज्या हाताने हळद लावली, तो हात केवढा हळू चालतो, हे त्याने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, रोज समोर बसून जेवत असूनही.

शेवटी त्याला राहवेना. "आजी, मला माफ केलंत का?"

ठकुबाईने वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"न्हाय, सकाली लवकर ये, हिला तूच भरव, मी वडप्याला लगनाला चाललंय."